आपला मोबाईल आणि त्यांचा टॉवर

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, बेडरूममध्ये रेंज येत नाही. दुसरी, गच्चीवर टॉवर नको. या तक्रारी दोन वेगळ्या गटांच्या असत्या तर त्याला लोकशाही म्हणता आलं असतं. पण बहुतेक वेळा त्या एकाच सभासदाच्या असतात आणि मधल्या पाच मिनिटांत त्याने फक्त चहा घेतलेला असतो. विरोधाची तयारीही पाहण्यासारखी असते. निषेधाचा मसुदा व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते, लहरींमुळे मेंदूचं काय होतं हे सांगणारा व्हिडिओ रात्री फोन उशीला टेकवून पाहिला जातो. हा सगळा मजकूर घरोघर पोचतो तो दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरवरून, आणि त्या सोसायटीतल्या लोकांच्या तब्येतीबद्दल ठरावात एक ओळही नसते. यावरून एकच निष्कर्ष निघतो. मोबाईलच्या लहरींची आपल्याला वाटणारी भीती वॅटमध्ये मोजता येत नाही, ती मालकी हक्कात मोजावी लागते. खिशातलं यंत्र आपलं, म्हणून निर्धोक. गच्चीवरचं यंत्र कंपनीचं, म्हणून जीवघेणं. भौतिकशास्त्राने मात्र या यादीचा क्रम नेमका उलटा लावून ठेवला आहे, आणि त्यासाठी कुठल्याही कार्यकारिणीची मंजुरी घेतलेली नाही.

आधी या लहरी काय करू शकतात ते पाहू. अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावायचा, आणि तसं करून पेशीतल्या डीएनएची मोडतोड करायची, तर एका फोटॉनकडे साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हवी. क्ष-किरणांकडे ती भरपूर असते. दोन गिगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीच्या फोटॉनकडे एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लाखावा भागही नसतो. सभेच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा फोटॉन त्याच्यापेक्षा सुमारे अडीच लाखपट दांडगा असतो, तेव्हा या निकषावर कारवाई करायची तर टॉवरच्या आधी ट्यूबलाइट उतरवावी लागेल. रेडिओ लहरींचा खात्रीने सिद्ध झालेला परिणाम एकच, त्या पाणीदार पदार्थ तापवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच्यावरच चालतो. मग प्रश्न उरतो किती तापवतात एवढाच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलोमागे चार वॅट शोषले गेले की तापमान अंशभर चढतं आणि वागणूक बदलते, असं दिसलं. जर्मनीत कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीएनआयआरपीने, या आकड्याचा दहावा भाग कामगारांसाठी आणि पन्नासावा भाग सामान्य जनतेसाठी कमाल मर्यादा म्हणून ठरवला. जनतेच्या वाट्याला आले किलोमागे ०.०८ वॅट. आता, माणूस नुसता स्वस्थ बसला तरी त्याचं शरीर स्वतःच दर किलोमागे एक वॅटहून अधिक उष्णता तयार करत असतं. उभं राहून, हातवारे करून टॉवरविरोधी भाषण करणारा सभासद त्याहूनही जास्त तापतो, आणि त्याच्यासाठी कोणत्याही आयोगाने अद्याप मर्यादा ठरवलेली नाही.

मोबाईल मात्र डोक्याला टेकतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्याच्यासाठी अमेरिकेचा आकडा स्वीकारला: कोणत्याही एक ग्रॅम ऊतीत किलोमागे १.६ वॅटपेक्षा जास्त शोषण होता कामा नये. यालाच एसएआर म्हणतात, आणि फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा स्वतःच सांगून मोकळे होतात. हा आकडा काढण्याची रीत प्रयोगशाळेपेक्षा हलवायाच्या दुकानाशी जास्त नातं सांगते. १९८८ सालच्या अमेरिकी सैनिकांच्या मोजमापांवरून बेतलेलं एक प्लास्टिकचं डोकं घेतात. त्यात मेंदूसारखे विद्युत गुणधर्म असलेलं द्रव भरतात, आणि मोबाईलच्या जुन्या पट्ट्यांसाठीच्या प्रचलित कृतीत हे द्रव मुख्यतः पाणी, साखर आणि मीठ यांचं असतं. या पाकाच्या मेंदूशेजारी फोन धरून, त्याला पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करायला लावून, यंत्रमानवाच्या हाताने आतलं शोषण मोजतात. 'पूर्ण ताकदीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पेटीवरचा आकडा हा फोनच्या सर्वांत वाईट दिवसाचा आकडा असतो. तेव्हा ०.९ वाला फोन सात्त्विक आणि १.१ वाला तामसी, अशी दुकानात होणारी तुलना व्यर्थ आहे. फोन रोज कसा वागणार हे त्या आकड्यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं टॉवर किती जवळ आहे यावर.

आणि इथेच सभेतला ठराव स्वतःच्याच पायात अडकतो. टॉवरला आपलं म्हणणं ऐकू जाईल एवढ्याच ताकदीने बोलायचं, ही मोबाईलची रचना आहे. बॅटरी वाचवण्यासाठी आणि शेजारच्या फोनला त्रास होऊ नये म्हणून ती केलेली आहे. टॉवर जवळ असेल तर आजचा फोन आपली ताकद हजारो पटींनी खाली आणतो. टॉवर लांब असेल, किंवा आपण लिफ्टमध्ये, तळघरात, जाड भिंतीच्या घरात असू, तर तो ट्रंक कॉलवर मुंबईशी बोलणाऱ्या गावाकडच्या आजोबांसारखा जिवाच्या आकांताने ओरडतो. फरक एवढाच की आजोबांचं तोंड रिसीव्हरकडे असायचं आणि याचं आपल्या कानाकडे असतं. गच्चीवरचा टॉवर हटवला की परिसरातल्या प्रत्येक फोनचा आवाज असा चढतो. दुसरीकडे अंतराचा हिशेब पाहा. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाई होते. एका सेंटिमीटरऐवजी पन्नास मीटर म्हणजे अंतर पाच हजारपट आणि तीव्रता अडीच कोटीपट कमी. कानाला चिकटलेल्या फोनला हा नियम तंतोतंत लागू होत नाही हे खरं, आणि टॉवरची ताकद फोनच्या हजारो पट असते हेही खरं. पण हजार आणि कोटी यांतला फरक मेंटेनन्सची थकबाकी वसूल करणाऱ्या कमिटीला तरी समजावून सांगावा लागू नये.

टॉवरच्या ॲन्टेनाचा स्वभावही लक्षात घेतला पाहिजे. त्याला गिऱ्हाईक लांबवर हवं असतं, म्हणून तो आपला झोत समोर, आडवा आणि किंचित खाली कललेला सोडतो. पायाखालच्या लोकांकडे त्याचं सहसा लक्ष नसतं. त्यामुळे ज्या इमारतीच्या गच्चीवर तो उभा असतो, तिच्या वरच्या मजल्यावरचे लोक सर्वांत जास्त घाबरलेले असले तरी मुख्य झोत त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, मध्ये स्लॅब असतो तो वेगळाच. झोत पडतो तो समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या इमारतीवर, आणि तोही पोचेपर्यंत चांगलाच विरळ झालेला असतो. म्हणजे भाडं या सोसायटीला, लहरी त्या सोसायटीला, अशी वाटणी होते. टॉवरमुळे खरा अन्याय झालाच असेल तर तो हा आहे. पण समोरच्या इमारतीने 'आम्हाला लहरी मिळतात, तेव्हा भाड्यातला हिस्सा द्या' अशी मागणी केल्याचं उदाहरण दुर्मिळच. मागणी होते ती टॉवर पलीकडच्या गल्लीत हलवण्याची, जणू तिथे राहणाऱ्यांना शरीरच नसतं.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढं सगळं निर्धोक असेल तर सरकारने मर्यादा कडक का केली? प्रश्न रास्त आहे. भारताने २००८ मध्ये आयसीएनआयआरपीच्या मर्यादा स्वीकारल्या आणि २०१२ मध्ये टॉवरसाठीच्या मर्यादा एकदम एक-दशांशावर आणल्या. ९०० मेगाहर्ट्झसाठी चौरस मीटरला ४.५ वॅटचे ०.४५ वॅट झाले. या दशांशामागे नवा शोध नव्हता, मुख्यतः लोकांची काळजी होती. काळजी करणाऱ्यांना दिलासा मिळेल अशी अपेक्षा होती; निघाला तो अर्थ असा की, आधी दहापट विष पाजत होते. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. दोन जर्मन संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोबाईलबाबत खबरदारीचे उपाय घेतले जात आहेत एवढं सांगितल्यावर लोकांची धास्ती कमी होण्याऐवजी वाढली. तर्क साधा आहे: पोलीस बंदोबस्त वाढला म्हणजे काहीतरी होणार. शिवाय एका टॉवरने कमी ताकदीने बोलायचं ठरवलं की तेवढ्याच वस्तीला जास्त टॉवर लागतात, आणि जास्त टॉवर दिसले की धास्ती आणखी वाढते. २०१७ मध्ये दूरसंचार विभागाने 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. कोणता टॉवर नियमात बसतो ते तिथे पाहता येतं आणि चार हजार रुपये भरून आपल्या ठिकाणी मोजणी मागता येते, अशी सोय करण्यात आली. धास्ती फुकट आणि मोजणीला चार हजार, असा सौदा समोर आल्यावर सूज्ञ माणूस काय निवडणार ते सांगायला नको.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार समजला जातो, कारण त्यात जागतिक आरोग्य संघटनेचं नाव येतं. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात १४ देशांचे ३१ शास्त्रज्ञ बसवले आणि रेडिओ लहरींना '२ ब' गटात टाकलं, म्हणजे कर्करोगास कदाचित कारणीभूत. हे शंभर टक्के खरं आहे. पण त्या यादीत आणखी कोण कोण बसलंय हे पाहिल्याशिवाय घाबरणं म्हणजे लग्नपत्रिकेतलं फक्त पहिलं नाव वाचणं. '२ ब' मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, पूर्व आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या आहेत, आणि २०१६ पर्यंत मूत्राशयाच्या कर्करोगापुरती कॉफीही होती. त्याच्या वरच्या '२ अ' गटात ६५ अंशांपेक्षा गरम पेयं आहेत आणि कडकडीत तेलात तळताना उठणारा धूरही आहे. म्हणजे सभेतला वाफाळता चहा आणि बटाटेवड्याच्या कढईवरचा धूर, पुराव्याच्या दृष्टीने दोन्ही टॉवरच्या एक पायरी वर. सर्वांत वरच्या, शंकेला जागा न उरलेल्या पहिल्या गटात आहे सुपारी, तंबाखूसकट आणि तंबाखूविना, दोन्ही. टॉवर हटवा म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत बोलून झाल्यावर घसा ओला करायला सुपारी तोंडात टाकणारा वक्ता एका दमात '२ ब' कडून '१' कडे जातो. ही यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, हे तिच्या कर्त्यांनी वारंवार स्पष्ट केलं आहे. पण यादी वाचताना सगळ्यांचं लक्ष आपल्याला नको असलेल्या नावावरच जातं.

तिसरा आक्षेप अभ्यासू माणूस घेतो: उंदरांचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात उंदरांना दोन वर्षं, दिवसाला नऊ तास, संपूर्ण शरीरावर मोबाईलच्या लहरींखाली ठेवलं होतं, आणि नर उंदरांच्या हृदयात गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यातली सर्वांत वरची मात्रा किलोमागे सहा वॅट, म्हणजे जनतेच्या मर्यादेच्या पंचाहत्तरपट होती. माद्यांमध्ये तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट, लहरींखाली राहिलेले नर उंदीर लहरींविना राहिलेल्यांपेक्षा जास्त जगले. या प्रयोगाचा हवाला देऊन टॉवर हटवायचा असेल तर त्याच प्रयोगाचा हवाला देऊन ज्येष्ठ नागरिकांसाठी टॉवर बसवाही म्हणता येईल. माणसांवरच्या अभ्यासातही असाच पेच आहे. १३ देशांचा इंटरफोन अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात नियमित मोबाईल वापरणाऱ्यांना मेंदूच्या ग्लायोमा गाठीचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसला, आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत जास्त दिसला. मोबाईलने कर्करोग टळतो असं कोणी म्हटलं नाही. आठवणीतून सांगितलेल्या तासांवर विसंबल्यामुळे निष्कर्ष डळमळले असावेत, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं. पुढे २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून ६३ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला, आणि मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. मोबाईल एवढे वाढले त्या प्रमाणात मेंदूचे कर्करोग वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. तरीही 'पन्नास वर्षांनी कळेल' हा युक्तिवाद उरतोच, आणि त्याचं सामर्थ्य असं की तो पन्नास वर्षांनीही वापरता येतो.

चौथा आक्षेप थेट अनुभवाचा असतो. टॉवर आल्यापासून डोकं दुखतं, झोप येत नाही. डोकं खरंच दुखतं आणि झोप खरंच येत नाही. त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. प्रश्न कारणाचा आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाने २००७ मध्ये स्वतःला लहरींचा त्रास होतो असं सांगणाऱ्यांना प्रयोगशाळेत बसवलं. टॉवर सुरू आहे असं सांगितलं की त्यांना त्रास व्हायचा. सुरू आहे की बंद हे न सांगता विचारलं की ओळखता यायचं नाही. जोहान्सबर्गजवळच्या क्रेगावॉन वस्तीत एका टॉवरविरुद्ध डोकेदुखी, पुरळ, निद्रानाश अशा तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने सांगितलं की तो टॉवर सहा आठवड्यांपूर्वीच गुपचूप बंद केलेला आहे. आपल्याकडे मे २०२१ मध्ये फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे कोरोनाची लाट आली अशी अफवा पसरली, आणि देशात कुठेही फाइव्ह-जीची चाचणी सुरूच झालेली नाही, असा खुलासा दूरसंचार विभागाला करावा लागला. एखादी लहर उत्सर्जित होण्याआधीच परिणाम करते, असं यातून सिद्ध होत असेल तर तो नोबेलच्या तोलाचा शोध आहे. नाहीतर दुसरा निष्कर्ष काढावा लागतो: धास्तीने आजारी पडता येतं, आणि धास्तीला टॉवर उभा असला की पुरतो, तो चालू असायची गरज नसते. चिमण्यांचंही असंच झालं. मोबाईलमुळे पक्षी मरतात या कल्पनेवर २०१८ मध्ये रजनीकांतचा '२.०' हा सिनेमा निघाला. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालाने मात्र सांगितलं की पंचवीस वर्षांत चिमण्या देशभर साधारण तेवढ्याच आहेत, कमी झाल्या त्या मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. टॉवर तर गावातही पोचले. गावात न पोचलेल्या गोष्टी शोधायच्या तर काचेच्या इमारती आणि वळचण नसलेली घरं आधी सापडतात.

राहिला संशयाचा आक्षेप: कंपन्या खोटं बोलतात. बोलतात, तंबाखू कंपन्यांनी कित्येक दशकं काय केलं हे जगाला माहीत आहे, आणि त्यामुळेच तपासणी कंपनीवर सोडून चालत नाही. फ्रान्सच्या रेडिओ लहरी संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ दुकानातून उचलून तपासला, तेव्हा हातात किंवा खिशात ठेवल्यावरचं शोषण चार वॅटच्या मर्यादेऐवजी ५.७४ निघालं. विक्री थांबवली गेली आणि ॲपलला फोनची आज्ञावली बदलून ताकद उतरवावी लागली. सरकारी यंत्रणेने काय करावं याचा हा उत्तम नमुना आहे. पण यात एक तपशील सुटू नये: मर्यादा ओलांडणारं यंत्र टॉवर नव्हतं, खिशातलं होतं. त्याच्याविरुद्ध भारतात कुणी मोर्चा काढला नाही. आपली न्यायालयंही भीती आणि शास्त्र या दोन टोकांत सापडलेली दिसतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्करोग झालेल्या एका माणसाच्या अर्जावरून ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायला लावला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीचा टॉवर रोखणारा ठराव, शास्त्रीय आधार नाही म्हणून रद्द केला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, अभिनेत्री जुही चावला यांनी फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. लहरींच्या विरोधातली ही सुनावणी इंटरनेटवरून झाली, आणि त्यात कोणीतरी घुसून त्यांच्याच सिनेमांतली गाणी म्हणू लागलं. न्यायालयाने दावा फेटाळून वीस लाखांचा खर्च लादला. पुढच्या वर्षी तो दोन लाखांवर आला. गाणाऱ्याची रेंज मात्र उत्तम होती असं दिसतं.

भीती जिथे असते तिथे तिचं दुकानही असतं. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाईलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप जाहीर केली, आणि पुरावा दाखवा असं शेकडो शास्त्रज्ञांनी विचारलं. शेण गाईचं असलं तरी कल्पना स्वदेशी होती असं मात्र मानू नये, कारण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फाइव्ह-जीपासून रक्षण करणारा पेन ड्राइव्ह ३३९ पौंडांना विकला जात होता. तपासणाऱ्यांना तो १२८ मेगाबाइटचा साधा पेन ड्राइव्ह वाटला, वर एक स्टिकर चिकटवलेला. खरा कळस डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सने गाठला. तिथल्या अणुसुरक्षा खात्याने फाइव्ह-जीपासून वाचवणारी दहा उत्पादनं, म्हणजे पदकं, ब्रेसलेट आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, ताबडतोब काढून ठेवायला सांगितली, कारण ती किरणोत्सारी होती. म्हणजे डीएनएला हात लावू न शकणाऱ्या लहरींना घाबरून लोक डीएनए मोडू शकणारे पदार्थ गळ्यात बांधून झोपत होते. फोनला झाकणारी कवचंही फार वेगळी नाहीत. कवचाने खरोखर लहरी अडवल्या तर फोनला टॉवर ऐकू येत नाही आणि तो ताकद वाढवतो. नाही अडवल्या तर पैसे गेले. दोन्हीकडे विक्रेता सुखरूप.

महाराष्ट्रात मोबाईल लहरींचा निःसंशय त्रास होणारा एक रहिवासी आहे, आणि तो सभेला येत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती या भागात उभारली, याचं एक कारण इथली रेडिओ शांतता. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींची कुजबुज ऐकणाऱ्या या दुर्बिणीला जवळच्या फोनचा गोंगाट सहन होत नाही. तिची तक्रार मोजमापासकट आहे, कारणासकट आहे आणि खरी आहे. पण तिच्या बाजूने व्हॉट्सॲपवर काही फिरत नाही, कारण तिच्या तक्रारीत टॉवरइतकाच दोषी आपला फोन ठरतो.

टॉवरला विरोध करूच नये, असं या सगळ्याचं तात्पर्य काढू नये. विरोधाला जागा भरपूर आहेत. जुन्या इमारतीचा स्लॅब टॉवरचं ओझं पेलतो का, हे स्ट्रक्चरल ऑडिट करून तपासायला हवं. टॉवरबरोबर डिझेल जनरेटर येत असेल तर त्याच्या धुराला विरोध करावा, कारण डिझेलचा धूर त्या यादीत पहिल्या गटात, सुपारीच्या शेजारी आहे. ॲन्टेनाच्या अगदी समोर, काही मीटरांत मर्यादा खरोखर ओलांडली जाऊ शकते, म्हणून तिथे कठडा हवा आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी तो ओलांडू नये. या मागण्या कोरड्या आहेत, त्यांवर व्हिडिओ होत नाही. आणि लहरींचीच मात्रा कमी करायची असेल तर उपाय स्वस्त आहे: इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला, रेंजची एकच काडी असताना बोलू नका, लिफ्टमध्ये बोलू नका, आणि बोलणं आटोपतं घ्या. अंतर आणि वेळ या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि अडचणही नेमकी तीच आहे. टॉवर दुसऱ्याने हटवायचा असतो, फोन आपणच ठेवायचा असतो. त्यात मराठी माणसाचं फोनवरचं खरं संभाषण 'बरं, ठेवू मग?' या वाक्यानंतरच सुरू होतं, आणि त्याच्यावर मर्यादा घालण्याची हिंमत त्या जर्मनीतल्या आयोगानेही अजून दाखवलेली नाही.